डाव्या हाताने

मंत्रालयाचा तिसरा मजला. दारावर पितळी पाटी:
ऑर्शोया वाद्केर्ती, क्रीडा राज्यसचिव.
मी बाकावर. मांडीवर अर्ज,
अर्जाखाली पालकांच्या बासष्ट सह्या,
आणि खसखशीच्या रोलचा डबा, आईने बळेच दिलेला.
मोहाचहून पहाटेच्या बसने निघाले
तेव्हा दुना नदी धुक्यात होती, असेल असं धरून चाललेली.

या बाईने मला सतरा वेळा हरवलंय.
एकदा पंधरा–चौदा.
लोकांना मी तेवढी एकच सांगते.

पदक सगळ्यांनी पाहिलं. मला आठवतं ते वेगळं:
तिची उजवी मांडी डावीपेक्षा जाड,
शिंपीणबाई दर सणाला करवादायची.
सराव संपला की घामट जाकीट रेडिएटरवर टाकायची
आणि सबंध हॉल ओल्या कुत्र्यासारखा वासायचा.
आणखी एक, जे तिचं तिलाही ठाऊक नसावं.
झेप घेण्याआधी तिचा डावा खांदा
अर्धं बोट खाली उतरतो.
पाव सेकंद.
तेवढ्यात पातं आडवं घालता आलं तर वाचलात.
मला सतरा वेळा आलं नाही.

आत टेबल केवढं!
चौदा मीटरच्या पट्टीवरही आम्ही
इतक्या लांब कधी उभ्या नव्हतो.
कॉफी तिनेच ओतली. गेर्गेय बाचीच्या गुडघ्याचं विचारलं.
मग फाईल.
एक्केचाळीस हॉल, गॅसचे पैसे सव्वीस हॉलांचे.
"यादी खालून आली," ती म्हणाली.
थोडा वेळ खिडकीबाहेरची ट्राम बघत राहिली.
"नाही. यादी मीच केली."

बाची शिकवायचा: दिवा लागला नाही,
पण टोक तुला लागलंय, हे तुला कळलंय,
तर हात वर कर. पंचाची वाट बघू नकोस.

इथे दिवाच नाही.
कुणाचं टोक कुणाला लागलं, ते मशीन सांगत नाही.
कागद खाली जातो, वर येतो, शिक्का बसतो,
आणि चार महिन्यांनी कुठल्यातरी गावात
नळातलं पाणी गोठतं.
वर्तमानपत्रं लिहितात, शासनाचा कडक पवित्रा.
पवित्रा काय असतो ते आम्हा दोघींना विचारा:
गुडघे वाकलेले, पाठ ताठ,
आणि मागचा हात
रिकामा.

"मोहाच," ती म्हणाली,
आणि खांदा उतरला.
दिसला मला. स्वच्छ दिसला.
पाव सेकंद माझ्या हातात होता.
बासष्ट सह्या होत्या, बाचीचं नाव होतं,
बाचीचं नाव तर वर्मीच लागलं असतं.
मी काहीच आडवं घातलं नाही.
का, ते मला परतीच्या बसमध्येही ठरवता आलं नाही.

"या हिवाळ्यात नाही, एमेशे."

उठताना तिने हात पाठीमागे नेला,
तार काढायला.
तार नव्हती. कोटाची शिवण होती.
दोघींनी पाहिलं, दोघी हसलो नाही.
दारापर्यंत आली, आणि हात पुढे केला,
डावा.
तिचा साहाय्यक जरा चमकला, त्याला वाटलं गडबडली.
सामना संपला की आम्ही तोच देतो:
ज्यात तलवार नसते तो.
थंड होता. बोटाला शाई.

डबा मात्र तिने ठेवून घेतला.

संध्याकाळी हॉलमध्ये पोरं
जाकिटाखाली दोन-दोन स्वेटर घालून,
मुखवट्यांच्या जाळ्यांतून वाफ.
झेल्यके, वय वर्षं नऊ, पाठमोरी उभी राहिली
तार जोडून घ्यायला.
"कोण जिंकलं?"
मी म्हटलं, हलू नकोस.
मग खटका बसला, आणि दिवा तपासायला
मी तिला म्हटलं,
टोच मला.